एकतीस मीटरवरचा सांधा

उत्तराताई टिपणीस आमच्या कंपनीत मुलाखतीला आल्या, तेव्हा खुर्चीत बसता बसताच त्यांनी सांगून टाकलं, "एक गोष्ट आधीच बोलते. मी टॉवरवर चढणार नाही. मला उंचीची भीती वाटते. बाकी काय असेल ते काम सांगा."

गुरुदत्तसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आमची कंपनी पेजरची, आणि पेजरच्या कंपनीत टॉवरशिवाय दुसरं होतंच काय! पण साहेबांनी त्यांच्या हातात दोन काचेचे धागे दिले, केसाहून बारीक, आणि जोडून दाखवा म्हणाले. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, धाग्यांची टोकं छाटली, मशीनमध्ये समोरासमोर धरली आणि जोडली. मीटरवर पाहिलं तर प्रकाशाची गळती जवळजवळ शून्य. साहेब म्हणाले, "एक तारखेपासून या."

हे १९९६ सालचं. माजिवड्याला हायवेच्या कडेला, एका टायरवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. मी तिथे टायपिंग करायचो आणि फायली सांभाळायचो.

ताईंचं वय तेव्हा बेचाळीस. डोंबिवलीत टिळकनगरात वडिलांबरोबर राहायच्या. वडिलांना त्या भाऊ म्हणत. लग्न राहून गेलेलं. तेविसाव्या वर्षी वागळे इस्टेटमधल्या एका रेडिओच्या कारखान्यात लागल्या, आणि बारा वर्षं तिथे डाग लावायचं काम केलं. डाग म्हणजे कथिलाचा, तारा जोडायचा. इतर बायकांनी नापास म्हणून बाजूला टाकलेले रेडिओ शेवटी ताईंच्या टेबलावर यायचे. त्या रेडिओ कानाशी धरायच्या आणि कुठला डाग कच्चा ते ओळखायच्या. एकोणनव्वद साली कारखान्याला टाळं लागलं. दोन वर्षं त्यांनी गणिताच्या शिकवण्या केल्या. मग पेपरात जाहिरात वाचली की काचेच्या केबलचे जोड करायला माणसं हवीत, आणि त्या तिकडे वळल्या. हात थरथरत नाही, एवढंच भांडवल, असं त्या म्हणत.

टॉवरवर चढायचं काम दामाजी कोळ्याचं.

दामाजी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. ताईंच्याच वयाचा, पण दिसायला थोरला. खाडीत मासळी होती तोवर त्याची होडी होती. कारखान्यांचं पाणी खाडीत येऊ लागलं, जाळ्यात मासळीऐवजी काळा गाळ येऊ लागला, तेव्हा एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला त्याने होडी विकली. डोलकाठीवर चढायची सवय, दोराच्या गाठी हातातल्या. तो टॉवर रंगवणाऱ्या टोळीत गेला आणि तिथून आमच्याकडे आला. मुळात अबोल माणूस. ताईंना तो 'बाय' म्हणायचा, त्या त्याला 'दामाजीभाऊ'.

दोघांनी मिळून ठाण्यापासून कल्याणपर्यंत सात-आठ टॉवर केले. तो वर, त्या खाली खोलीत. वर जाण्याआधी दामाजी टॉवरवर जाणाऱ्या विजेचा फ्यूज बोर्डातून उपटून ताईंच्या हातात द्यायचा, म्हणजे तो वर असताना कुणी चुकून वीज सोडायला नको. लोक त्या फ्यूजला किटकॅट म्हणत. तो ताईंच्या पर्समध्ये जायचा, आणि दामाजीचे पाय जमिनीला लागेपर्यंत पर्स उघडायची नाही. एकदा भिवंडी रोडला कुणी तरी घाई केली, "मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे, द्या ना." ताई पर्स मांडीखाली घेऊन बसल्या.

एक मात्र खरं. तो वर असताना त्या कधी मान वर करून बघत नसत. 

आंबिवलीचा टॉवर या सगळ्यांत निराळा होता.

आंबिवली स्टेशनपासून चारेक किलोमीटरवर, काळू नदीच्या अंगाला एक बोडकी टेकडी आहे. वरून मोहोन्याच्या कारखान्याची धुराडी दिसतात. त्या टेकडीवर पंच्याण्णव साली एका कंत्राटदाराने साठ मीटरचा चार पायांचा टॉवर अडीच महिन्यांत उभा केला. एवढ्या झटपट टॉवर उभा राहिला याचं तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं होतं. पायथ्याशी यंत्रांची खोली, शेजारी जनरेटरची शेड, आणि ती सांभाळायला गोपीनाथ नावाचा शहापूरकडचा माणूस. नदीच्या बाजूच्या उतारावर ठाकर आदिवासींची नऊ घरं.

या टॉवरवर दामाजी पहिल्यांदा चढून आला आणि घोटभर पाणी पिऊन म्हणाला, "बाय, याचा आवाज बरा नाय."

"कसला आवाज?"

"वारा आला का टावर वाजतो, तो सगलेच वाजतात. पन ह्यो मधीच वाजतो. बाकी गप."

मग त्याने दोन दिवस घालवून हाताला येतील तेवढे बोल्ट आवळले. तेवढ्यापुरता आवाज कमी झाला.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात साहेबांनी नवीन काम काढलं. खालच्या खोलीतून तांब्याच्या जाड केबलने सिग्नल वर न्यायचा, तर निम्मा वाटेतच गळायचा. आता यंत्रच टॉवरच्या माथ्यावर बसवायचं होतं. काचेचा धागा सिग्नल वर नेणार, आणि सोबत दुसरी केबल यंत्राला वीज पुरवणार. आमच्याकडे असं पहिल्यांदाच होत होतं. मुंबईच्या मुख्य ऑफिसने तारीख दिली होती, एक जून.

सत्तावीस मेला दोन्ही केबली वर गेल्या. माथ्यावर कप्पी बांधलेली, खाली गोपीनाथ आणि दोन मजूर दोर ओढत होते, आणि दामाजी केबलबरोबर पायरी पायरी चढत तिला टॉवरच्या नदीकडच्या पायाला चिमटे मारत होता. काचेची केबल फार वाकवायची नाही, फार ताणायची नाही. ताईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, "लहान मूल कडेवर घेतो ना, तशी धरा." संध्याकाळी काम संपलं तेव्हा वारा अजिबात नव्हता. ताईंनी मशीन लावून पाहिलं. धागा वरपर्यंत निरोगी होता.

हे मशीन काय करायचं ते सांगायला हवं. ते धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडायचं आणि पडद्यावर हिरवी रेघ काढायचं. धागा धड असेल तर रेघ सरळ उतरत जाते. कुठे धागा दबला, वाकला, ताणला, की तिथून प्रकाश गळतो आणि रेघेला पायरी पडते. ती पायरी किती मीटरवर आहे तेही मशीन सांगतं.

अठ्ठावीसला सकाळी दामाजी यंत्र बसवायला वर गेला. फ्यूज ताईंच्या पर्समध्ये. अकराच्या सुमाराला वारा सुटला. मेअखेरीचा वारा, नदीकडून धक्क्या-धक्क्याने येणारा.

आणि रेघेला पायरी पडली.

ताईंना वाटलं, आपलाच जोड कच्चा. खोलीत चाचणीसाठी दोनशे मीटर केबलचं वेटोळं होतं आणि त्याच्या टोकाला त्यांनी टॉवरची केबल जोडलेली होती. त्यांनी जोड कापला, पुन्हा केला. पायरी गेली. हुश्श करून त्या चहा प्यायला वळल्या, तर पायरी परत आली. त्यांनी पुन्हा कापला, पुन्हा जोडला. रेघ सरळ झाली आणि मिनिटभराने पुन्हा पडली. बारा वर्षं नापास रेडिओ कानाला लावलेली बाई; आपल्या हातावर असा संशय त्यांना कधी आला नव्हता. तिसऱ्यांदा त्या कापायला निघाल्या तेव्हा खोलीचं दार वाऱ्याने धाडकन आपटलं, आणि त्याच क्षणी पडद्यावर पायरी पडली. वारा ओसरला, पायरी गेली.

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि पहिल्यांदा पायरीखालचा आकडा नीट वाचला. दोनशे त्रेचाळीस मीटर.

त्यातले दोनशे खोलीतलं वेटोळं. बारा मीटर खोलीपासून टॉवरच्या पायापर्यंत. राहिले एकतीस.

"गोपीनाथ," त्यांनी हाक मारली, "या टॉवरचे तुकडे कुठे कुठे जोडलेत?"

"म्हंजे?"

"सांधे. पट्ट्या मारून बोल्ट लावलेत ते."

गोपीनाथने बाहेर जाऊन मोजलं. "एक खाली पुरुषभर उंचीवर, एक मध्यावर तीसच्या वर थोडा, एक वरती."

एकतीस मीटरवर दोन तुकड्यांचा सांधा होता. काचेची केबल त्या सांध्यावरून गेली होती. एक चिमटा सांध्याच्या खाली, एक वर. वाऱ्याचा झोत आला की सांधा उघडत होता आणि केबलीतला धागा ताणला जात होता. जोड धडच होते. हलत होता तो टॉवर, आणि जिथे मुळीच हलायला नको तिथे. दामाजी अठ्ठावन्न मीटरवर होता.

ताईंनी वॉकीटॉकी उचलली. मला त्यांनी नंतर सांगितलं की बोलण्याआधी त्यांनी बटण न दाबता एकदा वाक्य म्हणून पाहिलं, आवाज कसा येतो ते बघायला.

"दामाजीभाऊ, हातातलं काम ठेवा. हत्यारं तिथेच बांधा. खाली यायचंय."

"झालाच बाय. दोन नट हायेत."

"नट राहू द्यात. एकतीसवरचा सांधा उघडतोय. नदीकडच्या पायाचा. वारा आला की."

 वरून आवाज आला, "तुमाला खालून कसा कलला?"

"केबल सांगतेय."

 मग, "मना वाटलाच व्हता."

शिडी नदीकडच्या अंगालाच होती. दामाजीने ठरवलं की शिडी सोडायची आणि समोरच्या, डोंगराकडच्या पायाने तिरप्या पट्ट्यांवरून उतरायचं. साठ मीटरच्या टॉवरवर शिडी नसलेल्या पायाने उतरणं म्हणजे प्रत्येक पावलाला बेल्टचा हूक काढायचा आणि पुन्हा लावायचा. पण सांधा त्याही पायाला होताच. एकतीस मीटर ओलांडल्याशिवाय जमीन नव्हती.

ताईंनी खुर्ची पडद्यासमोर ओढली. "मी रेघ बघत्येय. मी थांबा म्हटलं की घट्ट धरून थांबायचं. मी चला म्हटलं की चालायचं. आपण होऊन काही करू नका."

"बरा."

पस्तीस मिनिटं हे चाललं. चला. चला. थांबा. पायरी पडायची, पडद्यावर तांदळाएवढी, आणि ताईंच्या कानात टॉवरचा तो मधला आवाज यायचा, एखादं जड कपाट जमिनीवरून सरकवावं तसा. पायरी विरायची. चला. गोपीनाथ दारात उभा राहून वर बघत होता आणि "आईशपथ, आईशपथ" एवढंच म्हणत होता. ताईंनी त्याला तोंड फिरवायला सांगितलं.

"बाय, सांध्यावर आलो," दामाजी म्हणाला. "इकरच्या पट्टीचा रंग तरकलाय. आत बोट जातंय."

"बोट घालू नका. थांबा." पायरी पडली होती आणि या वेळी विरायला वेळ लागत होता. ताई मोजत होत्या. अठरापर्यंत मोजलं. रेघ हळूहळू सपाट झाली. "आता. चला. चला. थांबू नका. चला."

तो सांध्याखाली गेला. त्यानंतरचं कितीही अवघड असलं तरी ते नेहमीचं होतं.

जमिनीवर आल्यावर दामाजी टॉवरच्या सिमेंटच्या ओट्यावर बसला. त्याला बेल्टचं बक्कल सुटेना. ताईंनी खाली बसून ते सोडवलं. मग त्यांनी यंत्रांचं मुख्य बटण पाडलं, दुसरेही फ्यूज काढून घेतले, खोलीला आणि फाटकाला कुलूप लावलं आणि चाव्या घेऊन डोंबिवलीला घरी गेल्या. आंबिवलीचे पेजर बंद पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदत्तसाहेब कंत्राटदाराच्या माणसाला घेऊन टेकडीवर गेले. ताईंनी कुलूप उघडलं. पान हलत नव्हतं. रेघ सरळ. कंत्राटदाराचा माणूस वर चढला, हातोडीने दोन-चार ठिकाणी ठोकलं, तडकलेल्या रंगावर नवीन रंगाचा ब्रश मारला आणि उतरला.

"साहेब, एकदम टाइट आहे. काचेचा धागा आहे, कुठे तरी दबला असेल जरासा. बाईमाणूस घाबरलं."

"वारा येऊ द्या," ताई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत थांबा माझ्याबरोबर. मग बोला."

तो थांबला नाही. साहेब थांबले असते, असं मला अजूनही वाटतं. पण मुंबईहून दर तासाला फोन येत होता. साहेब वाईट नव्हते. दोनदा त्यांनी मुख्य ऑफिसला लिहिलं होतं, ती पत्रं मीच टाइप केली होती. तिकडून एकच उत्तर: एक जून. दामाजीला त्यांनी विचारलं, "दोन नट राहिलेत म्हणतोस, बसवून टाक." दामाजी म्हणाला, "नाय साहेब. पैसं कापा. मी नाय चढनार." दोन दिवसांनी कंत्राटदाराची माणसं येऊन नट बसवून गेली. दामाजीला पुन्हा बोलावणं गेलं नाही.

आणि ताईंनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायला नकार दिला.

मेमो साहेबांनी मला तोंडी सांगितला. सांगताना ते खिडकीबाहेर हायवेकडे बघत होते. नेहमी इंग्रजीत सांगत, त्या दिवशी मराठीत. सौम्य वाटेल असं वाटलं असावं. 'सदर साइटच्या सुरक्षिततेबाबत आपणांस वाटणारी चिंता लक्षात घेता, पुढील आदेशापर्यंत आपली नेमणूक आंबिवली साइटवर कायम करण्यात येत आहे.' ज्या टॉवरखाली उभं राहू नका असं ही बाई सांगत होती, त्याच टॉवरखाली तिला बसवलं. मी टाइप केलं. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, वगैरे कारणं माझ्याकडे आहेत.

ताईंनी मेमो वाचला. "आनंद, 'चिंता'वरचा अनुस्वार राहिलाय," एवढंच म्हणाल्या, आणि पेनाने तो देऊन मेमो पिशवीत घातला.

त्या नोकरी सोडतील असं सगळ्यांना वाटलं. मीही विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सोडली तर रेघ कोण वाचणार? गोपीनाथ तिथे राहतो. खाली नऊ घरं आहेत."

जून, जुलै त्या रोज टेकडीवर गेल्या. सकाळी साडेआठला हजर, अंधार पडायच्या आत खाली. धाग्यातली एक जोडी वापरात नव्हती, ती त्यांनी मशीनला लावून ठेवली. दर तासाला वहीत लिहायच्या: वारा कसा, पायरी किती, परत सपाट व्हायला किती वेळ. जूनच्या सुरुवातीला पायरी तांदळाएवढी होती. आषाढ लागेपर्यंत बोटाच्या पेराएवढी झाली. वारा थांबला की अजून ती जात होती. ज्या दिवशी जाणार नाही तो दिवस, असं त्यांनी गोपीनाथला सांगून ठेवलं. तेव्हापासून गोपीनाथ शेडमधलं अंथरूण गुंडाळून रोज रात्री डोंगराच्या अंगाच्या वेताळाच्या देवळात झोपायला जाऊ लागला.

घरांकडेही त्या गेल्या. भागीरथी म्हणून एक म्हातारी तिथे सगळ्यांत वडील. ताईंनी सांगितलं की टॉवर पडला तर तुमच्या अंगावर पडेल, दुसरीकडे राहा. भागीरथी म्हणाली, "भर लावणीत कुठं जाऊ बाय? तुमीच लावलाय त्यो, तुमीच काढा."

ताई टेकडीवर परत गेल्या.

मग एक दिवस दामाजी आला. कुणी बोलावलं नव्हतं. मंजुळाने, त्याच्या बायकोने, डब्यात जवळ्याची चटणी आणि भाकरी दिली होती. त्याने गोपीनाथच्या शेडमधून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा शोधला, तो झाडाला टांगला आणि लोखंडी पहारेने वाजवून बघितला. नदीपर्यंत आवाज गेला. मग तो खाली पाड्यावर गेला. ताईंचं पुस्तकी बोलणं त्या लोकांना पटलं नव्हतं, दामाजीने उकिडवं बसून, तंबाखू मळत सांगितलं, "मी त्याच्यावं व्हतो. मना ठाव हाय. ह्यो रूल वाजला का हातातला टाकायचा न डोंगराच्या अंगाला वेताळाच्या देवलात जायाचा." त्याने दोनदा सगळ्यांना पळायला लावून बघितलं. पोरांना मजा वाटली. त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी येत राहिला.

तेवीस जुलै. दुपारचे पावणेतीन. पाऊस उघडला होता. वाराही फारसा नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर वादळ होतं असं छापून आलं. एक मध्यम झोत आला, पायरी पडली. ताईंनी मोजायला सुरुवात केली. वीस. चाळीस. झोत कधीच गेला होता. साठ. झाडं स्थिर उभी होती आणि पडद्यावर पायरी होती तशी होती. मग त्यांच्या डोळ्यांदेखत ती आणखी एक पेर खाली गेली.

"गोपीनाथ, रूळ वाजवा."

दामाजी त्या दिवशी तिथेच होता. तो उतारावर धावत सुटला. जाणती माणसं बरीचशी नदीकाठी लावणीला गेलेली, घरात म्हातारी आणि पोरं. पोरं सवयीने देवळाकडे पळाली. भागीरथी उठेना, दामाजीने तिला पाठीवर घेतलं आणि ती त्याला शिव्या देत गेली. ताई वही आणि पर्स घेऊन खोलीबाहेर आल्या. देवळाकडे जाताना वाटेत त्यांनी वळून वर पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. टॉवरचा वरचा अर्धा भाग त्यांना किंचित नदीकडे झुकलेला दिसला, आणि तो परत येत नव्हता.

देवळात माणसं मोजली. बत्तीस होती. एक पोर कमी आहे असं कुणी तरी ओरडलं, पुन्हा मोजली, तर ते भागीरथीच्या मागेच बसलेलं. सगळे टेकडीकडे बघत राहिले. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. एक म्हातारा म्हणाला, "चला, काय व्हत नाय." दामाजीने त्याचा दंड धरला. आणखी पाचेक मिनिटांनी टॉवर एकतीस मीटरवर मोडला.

तो एकदम पडला नाही. आधी गोळ्या सुटाव्यात तसे बोल्ट तुटल्याचे आवाज आले, मग वरचा भाग सावकाश वाकला आणि केबलींवर क्षणभर लोंबकळला. ताई सांगायच्या की तो क्षण सगळ्यांत वाईट, कारण तेव्हा वाटलं, थांबला. मग केबली तुटल्या. खोलीची भिंत गेली, दोन घरं सपाट झाली, दावणीला बांधलेली एक गाय मेली. माणूस एकही नाही.

गुरुदत्तसाहेब संध्याकाळी पोचले.  ताईंनी त्यांना वही दिली. "पन्नास दिवसांची आहे. वाचा." पेपरात चार ओळींची बातमी आली: वादळी वाऱ्याने टॉवर कोसळला, जीवितहानी नाही. तुटलेले बोल्ट गोळा करायला कंत्राटदाराची गाडी दुसऱ्या दिवशी भल्या सकाळीच आली, पण त्याआधी गोपीनाथने काही उचलले होते. ठरल्यापेक्षा दोन नंबर बारीक निघाले. साहेबांनी ते सगळं लिहून मुख्य ऑफिसला पाठवलं आणि महिन्याभरात राजीनामा दिला. चौकशी झाली नाही. पुढच्या वर्षी मोबाइल स्वस्त झाले, पेजर गेले, कंपनी मिटली, आम्ही घरी बसलो.

ताईंना कल्याणला एका दुकानात काम मिळालं, बहिऱ्यांची कानातली यंत्रं दुरुस्त करायचं. दामाजी कोळीवाड्यात बर्फाच्या गाड्यांवर जाऊ लागला. तो पुन्हा कधी घराच्या कौलांवरसुद्धा चढला नाही. कौलं मंजुळाच चाळायची.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात ताईंचा मला फोन आला. "आनंद, रविवारी मोकळा आहेस? आंबिवलीला जायचंय. गोपीनाथचा निरोप आलाय."

आम्ही तिघं गेलो, ताई, दामाजी आणि मी. टेकडी चढलो. पडलेला भाग भंगारात गेला होता. खालचा एकतीस मीटरचा सांगाडा कुणी काढलाच नव्हता. दुसऱ्या एका कंपनीने जागा घेतली होती आणि त्या जुन्या पायांवर नवीन वरचा तुकडा चढवला होता. लाल-पांढरा ताजा रंग. वास येत होता.

तिथे त्यांचा पस्तिशीचा एक इंजिनियर होता. सज्जन माणूस. त्याने आम्हाला बसायला पेटारा दिला. ताईंनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. खालचे बोल्ट त्याच कंत्राटदाराचे आहेत, तेही बारीकच असणार. दामाजीने त्याला सगळ्यात खालच्या सांध्याशी नेऊन बोल्टाच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं.

"मी वर कळवतो, मॅडम," तो म्हणाला.

"कळवाच. पण तोवर निदान केबलवर लक्ष ठेवा. एक धागा मोकळा सोडून मशीन लावा, वाऱ्याच्या दिवशी रेघ बघा. मी येऊन शिकवते. पैसे नकोत मला."

तो जरा संकोचला. "मॅडम, यात काचेची केबल नाहीये. आम्ही तांब्याचीच जाड केबल टाकलीय. स्वस्त पडते."

ताईंनी मान हलवली. कागदावर आपला पत्ता आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर लिहून त्याला दिला. त्याने घडी करून खिशात ठेवला.

उतरताना दुपारचा वारा सुटला होता. पाड्यावर आलो तर मोडलेली दोन्ही घरं त्याच जागी पुन्हा उभी होती, कुडाच्या भिंती, नुकत्याच सारवलेल्या. भागीरथी बाहेर उन्हात बसली होती. तिने दामाजीला ओळखलं आणि हसली. ताईंनी माझ्या हातात पर्स दिली, पदर खोचला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मावशी, मागच्या वेळी तुम्ही मला विचारलं होतंत, कुठं जाऊ. या वेळी मी तहसील कचेरीत विचारून आल्येय. देवळामागची जागा सरकारी आहे, अर्ज लागतो. तो मी लिहिते. घरं किती आहेत आता?"

"अकरा," भागीरथी म्हणाली.

दामाजी पहिल्या घराच्या दाराशी जाऊन माणसांची नावं विचारू लागला, आणि मी ती लिहून घेऊ लागलो.